द्रुत किराणा वितरण उद्योगातील नोकरकपात व पुनर्रचना : मोजलेले आणि न मोजलेले कामगार

प्रास्ताविक

मागणी नोंदविल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत किराणा माल घरपोच देणारा उद्योग हा अलीकडच्या काळातील किरकोळ व्यापाराचा सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रकार होय. अमेरिकेत गोपफ ही कंपनी २०१३ मध्ये व तुर्कस्तानात गेटिर ही कंपनी २०१५ मध्ये स्थापन झाली असली, तरी या उद्योगाचा खरा विस्तार करोना महामारीच्या काळात, म्हणजे २०२० व २०२१ या दोन वर्षांत झाला. त्यानंतर लगेचच, २०२२ च्या पूर्वार्धापासून, याच उद्योगातून नोकरकपातीच्या व 'पुनर्रचने'च्या बातम्या येऊ लागल्या. वाणिज्य व अर्थशास्त्र विषयांच्या अध्यापनात या घडामोडींचा उल्लेख आता होऊ लागला आहे. तथापि तो बहुधा 'नवउद्योगांचे अपयश' या शीर्षकाखाली होतो आणि चर्चेचा रोख संस्थापक व गुंतवणूकदार यांच्याकडेच राहतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू काहीसा वेगळा आहे. या उद्योगात कपात झाली असे आपण म्हणतो तेव्हा नेमके कोणाचे काम गेले, आणि कोणाचे काम गेल्याची नोंदच झाली नाही, हा प्रश्न येथे विचारात घेतला आहे. त्यासाठी बर्लिन व इस्तंबूल येथील दोन कंपन्या आणि भारतातील दोन कंपन्या यांची उदाहरणे घेतली आहेत. एकाच स्वरूपाच्या आर्थिक ताणाला दोन निरनिराळ्या कायदेशीर चौकटींत दोन निरनिराळी रूपे कशी प्राप्त होतात, हे या तुलनेतून स्पष्ट होते असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उद्योगाची रचना व तिचे गणित

या उद्योगाचा पाया म्हणजे 'डार्क स्टोअर', अर्थात ग्राहकांना प्रवेश नसलेले, केवळ मालाची साठवण व भरणी यांसाठी वस्तीच्या आत घेतलेले छोटे गोदाम. अशा एका गोदामातून साधारणतः दोन-तीन किलोमीटरच्या परिघात माल पोहोचविला जातो. त्यामुळे मनुष्यबळाचे तीन थर निर्माण होतात. मुख्यालयात अभियंते, विपणन, लेखा व ग्राहकसेवा यांचे कर्मचारी असतात; गोदामात फळ्यांवरून वस्तू वेचून पिशव्या भरणारे कामगार असतात; आणि रस्त्यावर दुचाकीवरून माल नेणारे वितरक, म्हणजेच रायडर असतात. संख्येने तिसरा थर सर्वांत मोठा असतो. पुढील विवेचन समजण्यासाठी हे तीन थर ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

गणिताचे स्वरूप स्पष्ट व्हावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका मागणीचे सरासरी मूल्य ५०० रुपये आहे व त्यावर मालाचा नफा, जाहिरातींचे उत्पन्न व ग्राहकाकडून घेतलेले शुल्क मिळून कंपनीला ११० रुपये मिळतात. त्यातून पिशवी व पैसे भरण्याच्या व्यवस्थेचा खर्च १५ रुपये आणि वितरकाचा मोबदला ४५ रुपये वजा केल्यास ५० रुपये उरतात. गोदामाचे भाडे, वीज, शीतपेट्या व तेथील कामगारांचे वेतन असा स्थिर खर्च दररोज ५०,००० रुपये धरला, तर त्या गोदामाला ना नफा ना तोटा या बिंदूपर्यंत पोहोचण्यासाठी दिवसाला १,००० मागण्या हव्यात. मागण्या ७०० च राहिल्या तर दररोज १५,००० रुपयांचा तोटा होतो, आणि तो गुंतवणूकदाराच्या पैशातून भरून काढावा लागतो.

आता तोटा कमी करण्याचे मार्ग पाहू. भाडे करारबद्ध असते, त्यामुळे ते लगेच कमी होत नाही. मालाचा नफा वाढवावा तर किंमत वाढते आणि ग्राहक कोपऱ्यावरच्या वाण्याकडे परततो. परंतु वितरकाचा मोबदला ४५ वरून ३५ रुपये केला, तर प्रत्येक मागणीमागे ६० रुपये उरतात व ना नफा ना तोटा बिंदू १,००० वरून सुमारे ८३४ मागण्यांवर येतो. एकही गोदाम बंद न करता, एकही नियुक्ती रद्द न करता, कंपनीची एक-षष्ठांश अडचण दूर होते! पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सोडवू शकेल असे हे उदाहरण आहे. मात्र या उद्योगातील बहुतेक संघर्षांचे मूळ त्यात आहे.

भांडवलाचा ओघ आणि ओहोटी

असा तोटा सोसून दोन-तीन वर्षे शहरामागून शहर काबीज करावयाचे व स्पर्धक संपल्यावर नफा कमवावयाचा, अशी या कंपन्यांची योजना होती. ती स्वस्त भांडवलावर आधारलेली होती. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा धोरणात्मक व्याजदर मार्च २०२२ पर्यंत शून्याच्या जवळ होता. अशा काळात दूरच्या भविष्यातील नफ्याला आज मोठी किंमत मिळते. बर्लिनमध्ये २०२० साली स्थापन झालेल्या गोरिलाज या कंपनीचे मूल्यांकन एका वर्षाच्या आतच, मार्च २०२१ मध्ये, एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेले. गेटिरचे मूल्यांकन मार्च २०२२ मध्ये सुमारे ११.८ अब्ज डॉलर इतके झाले.

त्यानंतर चक्र उलटे फिरले. फेडरल रिझर्व्हने जुलै २०२३ पर्यंत व्याजदर ५.२५ ते ५.५० टक्के या पातळीवर नेला. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा रेपो दर मे २०२२ मधील ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर गेला. युक्रेनमधील युद्धाने अनिश्चिततेत भर घातली. न्यूयॉर्कमधील बाइक व फ्रिज नो मोअर या दोन कंपन्या मार्च २०२२ मध्येच बंद पडल्या. पैकी बाइकचे भांडवल रशियाशी निगडित असल्याने युद्धानंतर तिचा पैशाचा पुरवठाच तुटला. जुलै २०२२ मध्ये गोपफने सुमारे १,५०० जणांना, म्हणजे आपल्या १० टक्के कर्मचाऱ्यांना, कमी केले व अमेरिकेतील ७६ गोदामे बंद केली. ग्राहक अचानक किराणा घेईनासे झाले होते असे नव्हे. तोटा भरून काढणारा हात आखडला होता.

बर्लिन : दिसणारी कपात

मे २०२२ च्या शेवटच्या आठवड्यात गोरिलाजने आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांपैकी सुमारे ३०० जणांना, म्हणजे जवळपास निम्म्यांना, कमी केले आणि इटली, स्पेन, डेन्मार्क व बेल्जियम या देशांतून बाहेर पडण्याचे संकेत दिले. त्याच आठवड्यात गेटिरनेही जगभरातील मनुष्यबळात १४ टक्के कपात जाहीर केली. डिसेंबर २०२२ मध्ये गेटिरने गोरिलाज विकत घेतली. दोन तोट्यातील कंपन्या एकत्र आल्याने नफ्यातील एक कंपनी तयार होत नाही, हे पुढील घटनांनी दाखविले. जुलै २०२३ मध्ये स्पेन, इटली व पोर्तुगाल सोडल्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये गेटिरने आणखी सुमारे २,५०० जणांची कपात केली. सप्टेंबर २०२३ मध्ये तिचे मूल्यांकन सुमारे २.५ अब्ज डॉलरवर घसरले, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिने अमेरिका, ब्रिटन, जर्मनी व नेदरलँड्स हे सर्व देश सोडून केवळ तुर्कस्तानापुरते मर्यादित होण्याचे जाहीर केले. या चार देशांतून कंपनीच्या उत्पन्नाचा केवळ ७ टक्के भाग येत होता, असे तेव्हा सांगण्यात आले. सात टक्के उत्पन्नासाठी केवढा पसारा मांडला गेला होता, याची कल्पना यावरून यावी.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब निराळी आहे. जर्मनीत गोरिलाजचे वितरक हे कंपनीचे कर्मचारी होते. त्यांना तासावर वेतन मिळत असे, लेखी करार होता व सहा महिन्यांचा परिवीक्षा काळ होता. याचा अर्थ त्यांची स्थिती चांगली होती असा नाही. जून २०२१ मध्ये एका वितरकाला कामावरून काढल्याच्या कारणावरून बर्लिनमधील गोदामांसमोर उत्स्फूर्त संप झाले. वेतन उशिरा मिळणे, पाठीवरील ओझे व सायकलींची अवस्था या तक्रारी त्या वेळी पुढे आल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये संपात भाग घेणाऱ्या वितरकांना कंपनीने मोठ्या संख्येने बडतर्फ केले. जर्मन कायद्यानुसार मान्यताप्राप्त संघटनेने न पुकारलेला संप वैध ठरत नाही, याचा आधार कंपनीला मिळाला.

तथापि नोव्हेंबर २०२१ मध्ये या वितरकांनी आपली कामगार परिषद निवडून आणली. ही निवडणूक थांबविण्याची कंपनीची मागणी बर्लिनच्या कामगार न्यायालयाने फेटाळली. अशी परिषद अस्तित्वात असेल तर प्रत्येक बडतर्फीपूर्वी मालकाने तिचे म्हणणे ऐकणे जर्मनीत बंधनकारक आहे. त्याच महिन्यात, दुसऱ्या एका वितरण कंपनीसंबंधीच्या खटल्यात, तेथील सर्वोच्च कामगार न्यायालयाने वितरकाला कामासाठी लागणारी सायकल व मोबाइल ही साधने पुरविणे ही मालकाची जबाबदारी आहे असा निर्णय दिला. म्हणून गेटिर जर्मनीतून बाहेर पडली तेव्हा रस्त्यावरच्या थराचे काम जाणे हीदेखील 'नोकरकपात'च होती. तिची सूचना द्यावी लागली आणि ती आकड्यांत मोजली गेली.

भारत : डन्झो आणि ब्लिंकिट

आपल्याकडील चित्र पाहण्यासाठी प्रथम बंगळूरच्या डन्झोचे उदाहरण घेऊ. व्हॉट्सअॅपवर लोकांची लहानसहान कामे करून देणारी सेवा म्हणून सुरू झालेल्या या कंपनीत २०१७ मध्ये गूगलने गुंतवणूक केली. जानेवारी २०२२ मध्ये रिलायन्स रिटेलने २० कोटी डॉलर देऊन सुमारे २५.८ टक्के हिस्सा घेतला, आणि कंपनी डार्क स्टोअरच्या मार्गाने वेगाने धावू लागली. जानेवारी २०२३ मध्ये ३ टक्के व एप्रिल २०२३ मध्ये सुमारे ३० टक्के कर्मचारी कमी करण्यात आले. त्याच वर्षी वेतन थकू लागले; जून महिन्याच्या वेतनावर ७५,००० रुपयांची मर्यादा घालण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये उरलेल्यांपैकी सुमारे १५० जण कमी होऊन साधारण ५० जण राहिले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीचे ॲप व संकेतस्थळ बंद पडले.

वर दिलेले आकडे पुन्हा पाहावेत. ३० टक्के, १५०, ५० हे सर्व आकडे पहिल्या थराचे, म्हणजे वेतनपटावरील कर्मचाऱ्यांचे आहेत. डन्झोचा माल पोहोचविणारे वितरक यांत कोठेही नाहीत. कंपनीची गोदामे बंद झाली तेव्हा त्यांचेही काम गेले. परंतु ते वेतनपटावर नव्हतेच, त्यामुळे ते वजा होण्याचा प्रश्न उद्भवला नाही. कित्येक जण दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर गेले असतील. कोणत्या दराने गेले याची नोंद कोठेही होत नाही.

दुसरे उदाहरण ब्लिंकिटचे. २०१३ मध्ये ग्रोफर्स या नावाने सुरू झालेल्या या कंपनीने डिसेंबर २०२१ मध्ये नाव बदलून द्रुत वितरणाचा मार्ग धरला, आणि २०२२ मध्ये झोमॅटोने ती विकत घेतली. पुनर्रचना यशस्वी झाल्याचे उदाहरण म्हणून तिचा निर्देश होतो व तो वस्तुस्थितीला धरूनच आहे. परंतु एप्रिल २०२३ मध्ये दिल्ली व परिसरातील तिच्या वितरकांनी काम बंद ठेवले आणि त्यामुळे अनेक गोदामे काही दिवस बंद राहिली. कारण असे की, प्रत्येक फेरीमागे मिळणारा किमान मोबदला २५ रुपयांवरून १५ रुपयांवर आणून त्यापुढील रक्कम अंतराशी जोडण्यात आली होती. वर केलेल्या काल्पनिक गणितातील दहा रुपये येथे प्रत्यक्षात दिसतात. दोन किलोमीटरच्या परिघात काम करणाऱ्याला अंतराचा लाभ फारसा मिळत नाही, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही.

येथे कोणालाही कामावरून कमी केले गेले नव्हते. कामही तेच होते, फक्त दिवसभराच्या तितक्याच फेऱ्यांची कमाई घटली. आपल्या महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर अध्यापन करणाऱ्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. कार्यभार कमी झाल्याने ज्याच्या आठवड्याच्या तासिका निम्म्या होतात, त्याची गणना सेवामुक्तांत होत नाही. तो कागदोपत्री कार्यरतच असतो.

'ले-ऑफ', 'छाटणी' आणि 'भागीदार'

या संदर्भात शब्दांच्या वापराकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते, कारण विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत येथे हमखास गोंधळ आढळतो. वृत्तपत्रे ज्याला 'ले-ऑफ' म्हणतात, तो भारतीय कायद्यातील ले-ऑफ नव्हे. कच्चा माल, वीज इत्यादींच्या अभावी मालक कामगाराला तात्पुरते काम देऊ शकत नाही, या स्थितीला आपल्या कायद्यात ले-ऑफ म्हणतात. त्यात मालक-कामगार संबंध कायम राहतो. कायमचे कमी करणे म्हणजे छाटणी. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराच्या छाटणीसाठी एक महिन्याची सूचना व सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही हे तत्त्व कायम आहे.

हे संरक्षण 'कामगारा'ला आहे. मुख्यालयातील व्यवस्थापकीय व प्रशासकीय स्वरूपाचे काम करणारे या व्याख्येच्या बाहेर राहतात. त्यांना नियुक्तिपत्रातील अटींवर अवलंबून राहावे लागते. गोदामातील माणूस व्याख्येत बसतो, परंतु तो पुष्कळदा कंत्राटदारामार्फत आलेला असल्याने त्याचा मालक कोण हा वाद उभा राहतो. आणि रस्त्यावरच्या माणसाला कंपनी 'डिलिव्हरी पार्टनर', म्हणजे भागीदार म्हणते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ वर्गात शिकविणाऱ्या प्राध्यापकाला या शब्दाचे नवल वाटल्यावाचून राहणार नाही. या भागीदाराला नफ्यात वाटा नाही, हिशेब पाहण्याचा अधिकार नाही, आणि दुचाकी, पेट्रोल व मोबाइल मात्र त्याचेच. भागीदाराची छाटणी होत नाही. त्याचा 'आयडी' बंद होतो, एवढेच.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशातील गिग कामगारांची संख्या २०२०-२१ मध्ये ७७ लाख असल्याचा अंदाज दिला असून, २०२९-३० पर्यंत ती २.३५ कोटी होईल असे म्हटले आहे. हा आकडा सर्व क्षेत्रांचा आहे, केवळ किराणा वितरणाचा नव्हे. तरीही इतक्या मोठ्या समूहाच्या बाबतीत 'कपात' या शब्दाला अर्थच उरत नसेल, तर रोजगारविषयक आपल्या आकडेवारीचे वाचन सावधपणे करावयास हवे.

माथाडी कायद्याचा दाखला

वितरकाला ठरावीक एक मालक नाही, तो आज या कंपनीचे तर उद्या त्या कंपनीचे काम करतो, म्हणून त्याला कामगार कायदे लावता येत नाहीत, असा युक्तिवाद केला जातो. महाराष्ट्रात तरी हा युक्तिवाद नवा नाही. बाजारपेठांतील व गोद्यांमधील माथाडी-हमालांबाबत अगदी हेच म्हटले जात असे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील चळवळीनंतर महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ संमत झाला. त्याने एक साधी युक्ती योजली. मालक अनेक असोत. मालक व कामगार या दोघांचीही नोंदणी त्रिपक्षीय मंडळाकडे होईल, मालक मजुरी व तिच्यावरील ठरावीक टक्क्यांची लेव्ही मंडळाकडे भरेल, आणि कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान व भरपगारी सुट्ट्या मंडळामार्फत मिळतील. मुंबईत किराणा बाजार व दुकाने यांसाठी असे स्वतंत्र मंडळही आहे. म्हणजे तांदळाचे पोते घाऊक बाजारात उतरविणारा हमाल कायद्याच्या कक्षेत आहे, आणि त्याच तांदळाची पाच किलोची पिशवी चौथ्या मजल्यावर नेणारा तरुण त्या कक्षेबाहेर आहे. मंडळांच्या कारभाराविषयी तक्रारी आहेत व त्या नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'मालक अनेक' ही सबब ५० वर्षांपूर्वीच निकालात निघाली होती.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हीदेखील २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात गिग व प्लॅटफॉर्म कामगारांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, मात्र या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेत, निधीसाठी द्यावेत अशी तरतूद आहे. माथाडी कायद्याशी तुलना करता एक फरक जाणवतो. तेथे मजुरीच मंडळामार्फत जाते, त्यामुळे ती गुपचूप कमी करता येत नाही. येथे निधीत अंशदान जमा होईल. प्रति फेरी दर मात्र कंपनीच्या हातीच राहील. डिसेंबर २०२५ मधील वितरकांच्या संपानंतर, जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्र्यांच्या मध्यस्थीने ब्लिंकिटने दहा मिनिटांचा दावा जाहिरातीतून काढून टाकला. संपकऱ्यांची दराविषयीची मागणी त्यात आली नाही. या बाबतीत कर्नाटकाचा २०२५ चा कायदा एक पाऊल पुढे आहे : करारातील अटी बदलावयाच्या असतील किंवा काम बंद करावयाचे असेल, तर १४ दिवसांची पूर्वसूचना त्यात अपेक्षित आहे. जर्मनीतील कामगार परिषदेच्या तुलनेत ही सूचना किरकोळ भासेल. तरी दरात झालेला बदल ही नोंद घेण्याजोगी घटना आहे, हे तिने मान्य केले आहे.

आपल्या महाविद्यालयांच्या दृष्टीने येथे एक व्यवहार्य काम संभवते. वाणिज्य शाखेच्या वर्गात सकाळी तासाला बसून सायंकाळी पाठीवर रंगीत पिशवी घेणारे विद्यार्थी आता तालुक्याच्या मोठ्या गावांतही दिसू लागले आहेत. तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी नामांकित कंपन्यांचे ताळेबंद उतरवून काढण्याऐवजी, अशा विद्यार्थ्यांनी आपल्या ॲपवरील साप्ताहिक उत्पन्न, फेऱ्यांची संख्या, पेट्रोलचा खर्च, प्रतीक्षेचे तास आणि दर बदलल्याची तारीख एवढ्या पाच गोष्टींची सहा महिने नोंद ठेवावी. तीस-चाळीस विद्यार्थ्यांच्या वह्या एकत्र केल्या तर त्या जिल्ह्यापुरती तरी, कंपन्यांच्या अहवालांत न सापडणारी कपात मोजता येईल. नोंदी घेताना विद्यार्थ्याचे नाव व आयडी क्रमांक वगळणे अगत्याचे आहे, कारण तो आयडी हीच त्याची नोकरी आहे.